बस जिथे थांबत नाही

शिकागो हे नाव आपल्याकडे दोन कारणांनी सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. एक कारण स्वामी विवेकानंद. १८९३ सालच्या सर्वधर्म परिषदेतलं त्यांचं भाषण याच शहरात झालं. दुसरं कारण अल कपोन. डोक्यावर फेल्ट हॅट, तोंडात सिगार, आजूबाजूला बंदूकवाले. हा माणूस नेमकं काय करत होता हे ठाऊक नसलं, तरी त्याचं नाव ठाऊक असतं.

या अल कपोनच्या आणि त्याच्या काळातल्या टोळ्यांच्या जागा दाखवणाऱ्या सहली शिकागोत निघतात. कुणी बसमधून नेतं, कुणी पायी फिरवतं. २०२३ च्या सप्टेंबरात मी भाचीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा अशाच एका बसचं तिकीट काढलं. सहल दोन तासांची. वाटाड्या तरुण होता. रेघारेघांचा कोट, तिरकी टोपी, हातात प्लॅस्टिकची बंदूक. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतल्याचं तो नाटक करी. लोक खूश. मीही खूश. सहल करमणुकीची होती आणि करमणूक म्हणून झकास होती, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दोन तासांत कोणी कोणाला कुठे मारलं, एवढंच कळलं. हे सगळं घडलं कसं, ते बसमध्ये कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. कारण हा प्रश्न फक्त शिकागोचा नाही. तो आपलाही आहे.

प्रथम कायद्याचं बघू. अमेरिकेच्या राज्यघटनेतली अठरावी दुरुस्ती १९१९ च्या जानेवारीत मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली. दारू बनवणं, विकणं, इकडून तिकडे नेणं, बाहेरून आणणं, बाहेर पाठवणं, सगळं बंद. गंमत अशी, की पिणं हा मात्र गुन्हा नव्हता. ज्याच्या घरात आधीचा साठा होता, त्यानं तो खुशाल प्यावा. म्हणजे ज्यांना आधीच पेट्या भरून ठेवणं परवडलं, त्यांची सोय झाली. अंमलबजावणीच्या कायद्याला व्होल्स्टेड कायदा म्हणतात. अर्ध्या टक्क्याहून जास्त मद्यार्क असलेलं पेय म्हणजे दारू, अशी त्यात व्याख्या होती. म्हणजे बीअरही गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की आणि धर्मविधीसाठी वाइन, एवढ्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या. त्या खिडक्यांतून किती लोक आत शिरले असतील, हे तुम्हाला सांगायला नको.

असा कायदा करणारे लोक मूर्ख होते, असं समजू नका. एकोणिसाव्या शतकातली अमेरिका बेसुमार पीत होती. शनिवारचा पगार गुत्त्यात जायचा आणि बायकापोरं उपाशी राहायची. दारूबंदीच्या चळवळीत स्त्रिया पुढे होत्या, त्या याच कारणानं. त्यांच्या मोठ्या संघटनेचं मुख्यालय शिकागोला लागूनच, एव्हान्स्टन गावात होतं. फ्रान्सिस विलार्ड या बाईंनी ती संघटना देशभर नेली. आपल्याकडे वर्धा, गडचिरोलीत दारूबंदीसाठी जे लढले, त्यांना या बायकांचं म्हणणं लगेच कळेल.

पण चळवळीत दुसरेही रंग मिसळले होते. शहरातले गुत्ते म्हणजे नव्यानं आलेल्या लोकांच्या बसण्याच्या जागा. आयरिश, पोलिश, इटालियन. बीअरचे कारखाने बहुतांशी जर्मन वंशाच्या लोकांचे. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन म्हणजे शत्रू ठरला. जुन्या, गावाकडच्या, प्रॉटेस्टंट अमेरिकेला ही शहरातली गर्दी नकोशी होतीच. दारूच्या निमित्तानं तिला वठणीवर आणता येईल, असंही पुष्कळांना वाटत होतं. शिवाय १९१३ पासून उत्पन्नावर कर सुरू झालेला होता. दारूवरचं उत्पादनशुल्क बुडालं तरी सरकारचा गाडा चालणार होता. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या आणि कायदा झाला.

त्याचा उपयोग काहीच झाला नाही, असंही नाही. पहिल्या काही वर्षांत पिणं खरोखर घटलं. दारूनं यकृत निकामी होऊन मरणाऱ्यांचं प्रमाण खाली आलं. पण ज्यांना प्यायचीच होती, असे लाखो लोक उरले. आणि अख्ख्या देशात कायदा राबवायला सुरुवातीला केंद्राची माणसं होती सुमारे दीड हजार. गिऱ्हाईक जागेवर, माल बेकायदा, पहारेकरी मूठभर. अशा ठिकाणी जे व्हायचं तेच झालं.

आता योगायोग पाहा. ज्या दिवशी दारूबंदी अमलात आली, त्याच दिवशी अल कपोन एकवीस वर्षांचा झाला. जन्म १७ जानेवारी १८९९, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. वडील न्हावी, इटलीतून आलेले. शिकागोत जॉनी टोरिओ नावाचा त्याचा जुना उस्ताद होता, त्याच्या बोलावण्यावरून तो तिकडे गेला. टोरिओ हा सौम्य बोलणारा, हिशेबी माणूस. त्याचा मालक 'बिग जिम' कोलोसिमो याचं वॅबॅश अव्हेन्यूवर नामांकित हॉटेल होतं. त्याला कुंटणखान्यांचा धंदा पुरेसा होता, दारूच्या भानगडीत पडायचं नव्हतं, असं सांगतात. ११ मे १९२० रोजी त्याच हॉटेलात कोलोसिमोला कुणीतरी गोळी घातली. कायदा लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते. गादी टोरिओकडे आली.

टोरिओनं धंदा कसा मांडला, ते समजून घेण्यासारखं आहे. शहराचे भाग पाडायचे. प्रत्येक भाग एकेका टोळीचा. ज्याच्या भागातल्या गुत्त्यात त्याचीच बीअर. कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही. बंद पडलेले बीअरचे कारखाने कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर आणि आतून चालू. पोलिसांचा हप्ता ठरलेला. पण या व्यवस्थेत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे कोर्ट. कायदेशीर व्यापारात कुणी करार मोडला तर फिर्याद करता येते. इथे फिर्याद कुणाकडे करणार? मग निवाडा बंदुकीनं. टोळीवाले जात्याच रक्तपिपासू होते म्हणून इतके खून झाले, असं आपण म्हणतो. पण ज्या धंद्याला कायद्याचा दरवाजा बंद असतो, त्या धंद्यात वसुलीचा आणि न्यायाचा एकच मार्ग उरतो, हेही लक्षात घ्यायला हवं.

याचं उदाहरण आमच्या बसच्या पहिल्याच मोठ्या थांब्यावर होतं. होली नेम कॅथेड्रल हे शिकागोच्या कॅथलिक आर्चबिशपचं चर्च. त्याच्यासमोर रस्त्यापलीकडे डीन ओबॅनियन याचं फुलांचं दुकान होतं. ओबॅनियन आयरिश. लहानपणी याच चर्चच्या गायनवृंदात गात असे. मोठेपणी उत्तर भागातल्या टोळीचा नायक झाला. फुलांची मात्र त्याला खरी आवड होती. १९२४ च्या मे महिन्यात त्यानं एका बीअर कारखान्यातला आपला हिस्सा टोरिओला विकला. त्या कारखान्यावर धाड पडणार हे त्याला आधीच कळलेलं होतं. धाड पडली, टोरिओ पकडला गेला. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला तीन माणसं दुकानात आली. एकानं हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि ओबॅनियनचा हात घट्ट धरून ठेवला. बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या. दोन महिन्यांनी टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण शहाणा होता. सगळा कारभार कपोनच्या हाती देऊन तो निघून गेला. त्या वेळी कपोनचं वय सव्वीस. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२६ मध्ये, ओबॅनियनच्या वारसालाही याच चर्चसमोर टिपण्यात आलं. चर्चच्या कोनशिलेवरची अक्षरं गोळ्यांनी उडाली होती.

वाटाड्या हे रंगवून सांगत होता आणि सगळे मोबाइल उंचावून फोटो काढत होते. पण कशाचे? ते दुकान केव्हाच पाडलं गेलं. कित्येक वर्षं तिथे चर्चचं पार्किंग होतं. आता उंच मनोरे उभे राहिले आहेत. या सहलीत हे सारखं होतं. बस थांबते आणि बाहेर बघावं तर काहीच नसतं. कपोनचा मुक्काम ज्या लेक्सिंग्टन हॉटेलात असे, तेही १९९५ मध्ये पाडलं. त्याआधी १९८६ साली त्या हॉटेलातली कपोनची गुप्त तिजोरी फोडण्याचा कार्यक्रम अमेरिकेच्या टीव्हीवर थेट दाखवला गेला. कोट्यवधी लोक डोळे लावून बसले होते. आत निघाल्या रिकाम्या बाटल्या आणि धूळ.

सगळ्यांत मोठी रिकामी जागा नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवर आहे. १४ फेब्रुवारी १९२९, व्हॅलेंटाइन डेची सकाळ. तिथल्या एका गॅरेजमध्ये ओबॅनियनच्या टोळीची माणसं जमली होती. पोलिसांच्या गणवेशातले दोघं आणि साध्या कपड्यांतली माणसं आत आली. नेहमीची धाड समजून आतल्यांनी निमूट भिंतीकडे तोंडं केली. मग थॉमसन मशीनगन चालल्या. हे हत्यार महायुद्धातल्या खंदकांसाठी तयार केलं होतं. युद्ध संपल्यावर ते बाजारात आलं आणि कुणालाही विकत मिळू लागलं. सात माणसं गेली. ज्याच्यासाठी सापळा लावला होता, तो बग्ज मोरान उशिरा पोचला म्हणून वाचला. कपोन तेव्हा फ्लोरिडात. या खुनांबद्दल कुणालाही, कधीही शिक्षा झाली नाही.

त्या सातांमध्ये एक चष्मे करून देणारा होता. टोळीवाल्यांच्या संगतीत बसायची त्याला हौस. आणखी एक मोटार मेकॅनिक होता, पोराबाळांचा धनी. गाड्या दुरुस्त करून पोट भरायचा. बसमध्ये सगळ्यांना लक्षात राहिला तो तिथला कुत्रा, जो या गोळीबारातून वाचला. ते गॅरेज १९६७ मध्ये पाडलं. आज तिथे वृद्धांच्या वसतिगृहाशेजारची हिरवळ आहे. पाटी नाही, खूण नाही. आणि ती भिंत? तिच्या विटा एका कॅनेडियन व्यापाऱ्यानं विकत घेतल्या. पुढे त्यानं त्या व्हँकुव्हरच्या एका नाइट क्लबात, पुरुषांच्या स्वच्छतागृहात लावल्या होत्या. आता त्यांतल्या बऱ्याच विटा लास व्हेगासच्या एका संग्रहालयात आहेत, माफियांवरच्या. शिकागोनं जागा पुसून टाकली आणि विटा प्रवासाला निघाल्या.

या घटनेतून एक चांगली गोष्ट निघाली, तीही सांगितली पाहिजे. गोळ्या कोणत्या बंदुकीतून सुटल्या हे तपासण्यासाठी कॅल्व्हिन गॉडर्ड या तज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्याच्या कामातून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हेतपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली. आज आपण पेपरात 'बॅलिस्टिक अहवाल' वाचतो, त्याच्या वाटचालीतला हा महत्त्वाचा टप्पा.

बस पुढे लिंकन अव्हेन्यूवरच्या बायोग्राफ थिएटरपाशी थांबली. इथे जॉन डिलिंजरला सरकारी माणसांनी गोळ्या घातल्या. सिनेमा पाहून तो बाहेर पडत होता. तारीख २२ जुलै १९३४. आता जरा हिशेब करा. दारूबंदी उठली ५ डिसेंबर १९३३ रोजी, एकविसाव्या घटनादुरुस्तीनं. म्हणजे डिलिंजर मेला तेव्हा दारू उघड मिळत होती. तो बँका लुटणारा दरोडेखोर. दारूच्या टोळ्यांशी या घटनेचा संबंध नाही. पण इमारत उभी आहे, दर्शनी पाटी झकास आहे, म्हणून ती सहलीत. जे दाखवण्यासारखं आहे ते दाखवायचं, हा पर्यटनाचा नियम. जे दाखवण्यासारखं नसतं, ते मग सांगायचंही राहून जातं.

काय काय सांगायचं राहिलं? पहिलं म्हणजे, शहर. बिल थॉम्पसन हा मेयर कपोनच्या काळात पुन्हा निवडून आला तो १९२७ मध्ये, दारूबंदीची टर उडवतच. मधली चार वर्षं विल्यम डेव्हर हा सचोटीचा मेयर होता. त्यानं कायदा कडक राबवला. परिणाम काय? कपोननं आपलं ठाणं शेजारच्या सिसेरो गावात हलवलं आणि १९२४ च्या तिथल्या निवडणुकीत मतदान केंद्रांवर बंदुका नाचवल्या. पुढच्या निवडणुकीत डेव्हर पडला. लोकांनीच पाडला.

दुसरं, वर्तमानपत्रं. ९ जून १९३० रोजी शिकागोच्या मोठ्या दैनिकाचा वार्ताहर जेक लिंगल याला भर गर्दीच्या भुयारी मार्गात गोळी घातली गेली. पत्रकारितेचा हुतात्मा म्हणून त्याचा गौरव झाला. काही दिवसांत बाहेर आलं, की आठवड्याला ६५ डॉलर पगार असलेला हा गृहस्थ वर्षाला साठ हजार डॉलर मिळवत होता. टोळ्या आणि पोलीस यांच्यातला तो दलाल होता.

तिसरं, घरं. इटालियन वस्तीत टेलर स्ट्रीटच्या आसपास जेना बंधूंनी घरोघर लहान भट्ट्या लावून दिल्या होत्या. भट्टीवर लक्ष ठेवायचं, दिवसाला १५ डॉलर घ्यायचे. कारखान्यातल्या मजुराला एवढे पैसे स्वप्नात मिळत नसत. खोलीत पोरं झोपलेली आणि कोपऱ्यात मद्यार्क ठिबकतो आहे. हे चित्र आपल्याला परकं नाही. माझे अब्बा मुंबईच्या गोदीत होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्या दिवसांच्या गोष्टी त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. मोटारीच्या ट्यूबमध्ये दारू भरून कशी नेत, 'आंटी'च्या घरात पुढच्या खोलीत देव आणि मागच्या खोलीत ग्लास कसे असत. आमच्या घरात दारू हराम. पण अब्बा म्हणत, जो अल्लाहला भिऊन सोडतो तो खरंच सोडतो. जो हवालदाराला भिऊन सोडतो, तो हवालदाराला पैसे द्यायला शिकतो.

चौथं, विष. चोरटी दारू बनवायला कारखान्यांचं स्पिरिट पळवलं जाई. ते कुणी पिऊ नये म्हणून सरकारच्या हुकमानं त्यात मिथेनॉलसारखी विषं मिसळत. तरीही लोक प्याले. कित्येक मेले, कित्येक आंधळे झाले. १९३० मध्ये जमैकन आल्याच्या अर्कात भेसळ झाली आणि हजारोंचे पाय लुळे पडले. यातले बहुतेक गरीब. बरी दारू श्रीमंतांना मिळत होतीच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, तीही मिथेनॉलनंच. कपोनच्या बंदुकीनं जेवढे मेले, त्यापेक्षा बाटलीतल्या विषानं जास्त मेले. पण विषाची बस निघत नाही. त्यात पाठलाग नसतो.

आणि पाचवं, गिऱ्हाईक. कपोन स्वतःचं समर्थन करताना हेच म्हणत असे, की लोकांना हवं ते मी पुरवतो. चोराचं बोलणं म्हणून ते सोडून देता येत नाही. डॉक्टर, वकील, न्यायाधीश, प्राध्यापक, सगळे त्याचे आश्रयदाते होते. १९३० च्या मंदीत त्यानं बेकारांसाठी फुकट सूप वाटायचं केंद्र काढलं. रांगेत उभ्या राहणाऱ्यांना तो दाताच वाटला असणार. आपल्या गल्लीतल्या 'भाई'नं मयताला पैसे दिले, मुलीचं लग्न लावून दिलं, या गोष्टी आपणही ऐकलेल्या आहेत.

शेवटी कपोन सापडला तो खुनात नाही, दारूतही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्ये निकाल दिला होता, की बेकायदा कमाईवरही आयकर द्यावा लागतो. खात्याच्या फ्रँक विल्सन या अधिकाऱ्यानं जुन्या जप्त वह्यांतून हिशेब शोधून काढले. १७ ऑक्टोबर १९३१ रोजी कपोन कर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. अकरा वर्षं कैद, ५० हजार डॉलर दंड. सिनेमात हे श्रेय एलियट नेस या धाडसी अधिकाऱ्याला मिळतं. त्यानं बीअरचे अड्डे फोडले हे खरं, पण कपोनला तुरुंगात घातलं ते वह्या वाचणाऱ्या कारकुनी चिकाटीनं. १९४७ मध्ये उपदंशानं मेंदू पोखरलेल्या अवस्थेत कपोन फ्लोरिडात वारला. तो, ओबॅनियन आणि ओबॅनियनचा वारस, तिघंही आज शिकागोजवळच्या एकाच दफनभूमीत आहेत.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. बसमध्ये वाटाड्या इटालियन उच्चारांची नक्कल करून विनोद करत होता. एका बाईंनी मला विचारलं, कुठले तुम्ही? मी मुंबईचा म्हणालो. त्या सहज म्हणाल्या, तुमच्याकडेही गँगस्टर असतात ना, सिनेमात पाहिलेत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझं बालपण डोंगरीत गेलं. हे मी पुण्यात सांगितलं किंवा नागपुरात सांगितलं, तरी समोरच्याच्या भुवया जराशा वर जातात. मग एखादा हळूच विचारतो, 'तो' तिथलाच ना?

शिकागोच्या इटालियन लोकांनी ही भुवई शंभर वर्षं सोसली आहे. कपोनचं साऊथ प्रेरी अव्हेन्यूवरचं घर राष्ट्रीय वारसा-यादीत घालण्याचा प्रस्ताव १९८० च्या दशकाच्या अखेरीस आला, तेव्हा इटालियन-अमेरिकन संघटनांनीच विरोध केला आणि तो मागे पडला. रेल्वेचे रूळ टाकणारे, गटारं खणणारे, भाजी विकणारे लाखो इटालियन होते. त्यांच्या नावाची बस नाही. टोळ्यांत आयरिश होते, पोलिश होते, ज्यू होते. पण डाग एका नावावर बसला.

हे फक्त भावनेचं बोलणं नाही. शिकागो विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी याच काळात यावर काम केलं. फ्रेडरिक थ्रॅशरनं १९२७ मध्ये शहरातल्या १,३१३ टोळ्यांचा, बहुतेक पोरांच्या टोळ्यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालगुन्हेगारीचे नकाशेच काढले. त्यांना दिसलं ते असं: ज्या वस्त्या दाटीच्या, दरिद्री, कारखान्यांना चिकटलेल्या, तिथे गुन्हेगारी जास्त. त्या वस्तीत आधी जर्मन, आयरिश होते. ते सुधारून बाहेर पडले, मग इटालियन, पोलिश आले. माणसं बदलली, वंश बदलले, वस्तीचं प्रमाण तसंच राहिलं. आणि जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांतली गुन्हेगारी घटली. दोष रक्तात असता तर तो त्यांच्याबरोबर गेला असता.

टेलर स्ट्रीटपासून जवळच, हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाऊस आहे. जेन ॲडम्स या बाईंनी १८८९ मध्ये ते सुरू केलं. परक्या देशातून आलेल्या गरिबांसाठी इंग्रजीचे वर्ग, पाळणाघर, मुलांना खेळायला मैदान, कारखान्यांतल्या बालमजुरीविरुद्ध लढा, सगळं तिथून चाललं. ॲडम्स बाई दारूबंदीच्या बाजूच्या होत्या, कारण दारूनं मोडलेली घरं त्या रोज पाहत होत्या. १९३१ च्या ऑक्टोबरात कपोनला शिक्षा झाली आणि त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल पारितोषिक जेन ॲडम्स यांना वाटून मिळालं. एकाच शहरातली, एकाच गरीब वस्तीशी नातं असलेली ही दोन माणसं. हल हाऊसची जुनी इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे. आमची बस तिथे थांबली नाही. दुसऱ्या दिवशी भाची मला घेऊन गेली. आत आम्ही सहा-सात जण होतो.

एक थांबा मात्र मला कवी म्हणून आवडला. अपटाउन भागातला ग्रीन मिल क्लब. कपोनच्या माणसांची इथे ऊठबस असे. मात्र याच क्लबात मार्क स्मिथ या कवीनं १९८६ मध्ये कवितेचा जाहीर सामना सुरू केला. कवींनी म्हणायचं आणि श्रोत्यांनी गुण द्यायचे. तो 'पोएट्री स्लॅम' तिथून जगभर पसरला. आपल्या मुंबई-पुण्यातली पोरंही आता अशा स्लॅममध्ये कविता म्हणतात. वाटाड्यानं फक्त कपोनच्या बसण्याची जागा सांगितली.

उद्या आपल्याकडे अशी बस निघेल. डोंगरीत तर नक्की निघेल. निघू दे, मला हरकत नाही. फक्त वाटाड्यानं एक थांबा वाढवावा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर याच डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. एके काळी मराठी वाचकाला डोंगरी म्हटलं की ते पुस्तक आठवत असे. त्या थांब्यावर बसनं दोन मिनिटं उभं राहावं. आणि वाटाड्यानं जमलं तर प्रवाशांना एक प्रश्नही विचारावा, की तो माल घेत कोण होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)